पाव्हण्याचं आडनाव

आमच्याकडे कोणाच्याही दारात जाऊन उभं राहा, पाण्याचा गडवा बाहेर यायच्या आधी प्रश्न येतो, "कोन गावचे?" गाव सांगितलं की आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की त्या गावातला त्या आडनावाचा एखादा म्हातारा शोधून काढतात आणि तुमच्याशी नातं जोडून मोकळे होतात. मग तिसरा प्रश्न, "काय काम काढलं?" पुण्यामुंबईकडच्या मंडळींना या चौकश्या आगाऊपणाच्या वाटतात. वाटोत बापड्या. कुमुद गेडाम मॅडमनी या तीन प्रश्नांच्या जिवावर पांढरकवड्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवला, आणि चांगला चालवला.

मेनरोडवर खाली माझा छापखाना आणि वर त्यांचा क्लास. जिना एकच. मॅडम उंचीनं बेताच्या, आवाज मात्र असा की वर त्या 'सेव्ह करा' म्हणाल्या की खाली माझा ऑपरेटर सेव्ह करायचा. क्लासच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत, मग तो तहसीलदाराचा मुलगा असो की खुद्द तहसीलदार. प्रत्येक कॉम्प्युटरला त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली झाकणं होती. थंडीत तुरीच्या शेंगा उकडून डबा भरून आणत आणि क्लास सुटल्यावर सगळ्यांना वाटत. टरफलं कीबोर्डवर पडलेली दिसली तर त्या पोराला आठवडाभर शेंग मिळत नसे.

कॉम्प्युटरांना नंबर द्यायचे हे त्यांना पटत नव्हतं. नंबर कैद्यांना असतात म्हणायच्या. मॅडमनी कॉम्प्युटरांना जिल्ह्यातल्या गावांची नावं दिली होती. वणी, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी. वणी नवीन, म्हणून तिच्यासाठी पोरांची भांडणं. झरी इतकी हळू की पोरं म्हणत, झरी सुरू होईपर्यंत झरीला जाऊन येणं होतं.

या नावांपायी एकदा मोठीच गंमत झाली. कोरोना नुकताच पेपरात दिसू लागला होता, आमच्याकडे अजून पोचला नव्हता. एका दुपारी मॅडमचा आवाज जिन्यातून खाली आला, "राळेगावात व्हायरस निंगाला. घाटंजीले बी लागला असन. दोन्ही बंद करा, कोनी हात लावू नका." जिन्यात पेपरवाला उभा होता. तो तसाच बसस्टँडवर गेला. त्या संध्याकाळी राळेगावच्या गाडीत म्हणे ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंच होते. दुसऱ्या दिवशी एक हवालदार अफवेचा माग काढत आमच्या जिन्यापर्यंत आला. मॅडमनी त्याला चपला काढायला लावल्या, आत नेलं आणि म्हणाल्या, "हे पाहा साहेब, आमचं राळेगाव. खिडकीपाशी हाय." हवालदार शेंगा खाऊन गेला.

त्यांचा खरा धडा मात्र 'पाव्हणा' हा होता. इंटरनेटवरून जे जे खाली उतरवायचं, तो पाव्हणा. त्याला तीन प्रश्न विचारायचे. पहिला गावाचा. आला कुठून? ज्यानं बनवला त्याच्याच घरून आला की कोण्या तिसऱ्याच्याच ओसरीवरून उचलून आणला? दुसरा आडनावाचा. फाइलच्या नावामागे टिंब असतं आणि टिंबामागे जी दोन-चार अक्षरं असतात, ते तिचं आडनाव. "नाव काही बी ठेवता येते. राजा नाव ठेवलं म्हनून कोनी गादीवर बसते काय? टिंबाच्या मांगं पाहा. कागद हाय म्हन्ते अन् आडनाव प्रोग्रामचं लावते, तं तो खोटा." तिसरा प्रश्न, मागतो काय? "टॉर्चचं अॅप हाय न? मंग त्याले तुमचं फोनबुक कायले पाह्यजे? तो उजेड पाडाले आला का सोयरीक जुळवाले?"

त्या गोंड समाजातल्या. सांगायच्या, "आमच्यात तं पाव्हणा किती देवाचा हाय, म्हन्जे कोन्या कुळाचा, ते बी विचारतेत. विचारल्यानं पाव्हण्याचा अपमान होत नाही. खरा पाव्हणा उलट खुश होते."

मला त्यांनी हा धडा शिकवला तो फुकट अक्षरांपायी. लग्नसराईचे दिवस. एका पार्टीला पत्रिकेवर वेलबुट्टीची अक्षरं हवी होती. मी इंटरनेटवर 'फुकट मराठी फॉन्ट' असं शोधलं आणि एका साइटवर तीन हिरवी बटणं लखलखत होती त्यातलं सगळ्यांत मोठं दाबलं. अक्षरं काही आली नाहीत. त्याऐवजी कॉम्प्युटर जे काही दाबीन त्यातून कुठल्यातरी परमुलखातल्या जाहिराती उघडू लागला. बारा पत्रिकांची कामं आत अडकलेली. मी वर हाक मारली. मॅडम खाली आल्या, आल्या आल्या त्यांनी इंटरनेटची वायर काढली.

"पयले दार लावा भाऊ. चोर घरात असताना फाटक उघडं ठेवतेत काय?"

मग संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी मशीन धुऊन काढलं. मी म्हटलं, एवढं मोठं बटण होतं, मला काय माहीत? त्या म्हणाल्या, "एका गल्लीत दोन लग्नं असली तं लाइटिंग पाहून कोनाच्याही मांडवात शिरता काय तुमी? जास्त लाइटिंगवालं घर आपलं नसते. नाव वाचाचं अन् मंग शिराचं." नंतर ती अक्षरं ज्यानं बनवली त्याच्याच साइटवर जाऊन त्यांनी ती उतरवून दिली. तिथलं बटण एवढंसं होतं, राखाडी. जाता जाता, सगळ्या कामांची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क घरी न्यायला सांगितली. "बियानं सारं एकाच कनगीत ठेवत नाही न आपन?"

जब्बारभाईंचा किस्सा तर गावात म्हणीसारखा झाला. जब्बारभाईंचे ट्रक नागपूर-हैदराबाद रोडवर चालतात. हिशेबाचं एक महागडं सॉफ्टवेअर त्यांना कोणीतरी पेनड्राइव्हमध्ये चोरून दिलं होतं. सोबत चिठ्ठी होती, की हे टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा. ते घेऊन ते मॅडमकडे आले. मॅडमनी चिठ्ठी वाचली, पेनड्राइव्ह परत त्यांच्या हातावर ठेवला.

"जब्बारभाई, जो मेहमान बोलता है पहले अपना कुत्ता बांधो, उसको घर में क्यों लेना?"

जब्बारभाई हजरजबाबी. म्हणाले, "मॅडम, ससुरजी आते तब भी कुत्ता बांधना पडता."

"ससुरजी बांधने को बोलते हैं. ये तो बोल रहा है, मार डालो."

पुढे कित्येक दिवस पांढरकवड्याच्या धाब्यांवर ट्रकवाले एकमेकांना 'कुत्ता बांधा क्या?' असं विचारून हसत होते. जब्बारभाईंनी मात्र सॉफ्टवेअर विकत घेतलं.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. का नाही, ते विचारण्याची हिंमत असलेला माणूस आमच्या तालुक्यात निपजला नव्हता. पण घरात त्यांना एक पोर होती असंच म्हटलं पाहिजे. मंजुळा आत्राम. झरीकडच्या एका पोडावरून, कोलामांच्या वस्तीवरून, आलेली. परतीची बस लवकर सुटायची म्हणून कोर्स होईपर्यंत ती मॅडमच्याच खोलीवर राहिली आणि कोर्स झाल्यावरही राहिली. पहिल्या दिवशी व्हायरसचा धडा ऐकून तिनं घाबरत विचारलं होतं, "मॅडम, हा माह्यासंग घरी येईन काय? घरी लहान भाऊ हाय." वर्ग खदखदला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना गोंडी यायची, कोलामीही मोडकीतोडकी. तिच्या बोलीत त्यांनी तिला काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून मंजुळेनं झरीवर बसायचं ठरवलं. हळू आहे, पण गावचं नाव आहे म्हणाली.

पुढे मंजुळेला यवतमाळला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली. तिचं लग्न दोनदा जुळता जुळता मोडलं. एकदा नवऱ्या मुलाकडच्यांनी मोटरसायकल मागितली म्हणून तिनंच मोडलं. मॅडम वरून कडक, पण जिन्यात भेटल्या की हमखास म्हणायच्या, "भाऊ, मंजुळेची पत्रिका तुमी छापाची हाय. कागद चांगला ठेवजा."

आता ती सकाळ सांगतो. सांगायला मला आवडत नाही.

माझ्या फोनवर मॅडमच्या नंबरावरून निरोप आला, 'माझ्या लग्नाला नक्की या.' खाली फाइल होती, नाव 'लग्नपत्रिका'. मी उडालोच. पन्नाशी उलटल्यावर मॅडमचं लग्न! क्षणभर फार आनंद झाला. लगेच दुसरा विचार आला, की पत्रिका छापली कोणी? जिन्याखाली छापखाना असताना बाईनं बाहेर काम दिलं? मला असा राग आला की फाइल न उघडताच मी तरातरा वर गेलो.

"पत्रिका कोनाकडं छापली?" मी दारातूनच विचारलं.

"कोनाची पत्रिका?"

"तुमची."

मॅडम हसल्या. "सकाऊन सकाऊन काय लावलं भाऊ?" मी फोन पुढे केला. त्यांनी वाचलं. त्यांचं हसू जायला थोडा वेळ लागला.

"उघडली काय तुमी?"

"नाही. राग आलता."

"राग आला ते बरं झालं," असं म्हणून त्या वणीसमोरच्या खुर्चीवर बसल्या. पोरांच्या खुर्चीवर बसलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी वर येण्याच्या थोडं आधी त्यांना अशीच पत्रिका आली होती. मंजुळेच्या नंबरावरून. 'माझ्या लग्नाला नक्की या.' त्यांनी ती उघडली होती. पत्रिका नव्हतीच ती. फोनमध्ये शिरून बसणारा, बँकेचे निरोप चोरून वाचणारा आणि फोनबुकातल्या एकूणएक माणसाला आपलीच नक्कल धाडणारा प्रोग्राम होता. मंजुळेच्या फोनमध्ये तो तिच्या कोण्या मैत्रिणीकडून आला होता. मॅडमच्या फोनबुकात तर त्यांचा आजवरचा सगळा क्लास होता. सगळ्यांना पत्रिका गेली आणि सगळ्यांनी ती धावून उघडली. मॅडमचं लग्न! कोण थांबणार?

त्यांनी फोन बंद करेपर्यंत जब्बारभाईंचा कॉल आलाच. "मॅडम, मुबारक हो! दूल्हा कौन है, हमको भी बताओ. पत्रिका खुलती च नहीं."

"जब्बारभाई, फोन बंद करो. अभी के अभी."

पलीकडे जब्बारभाई हसत राहिले. त्यांना वाटलं, मॅडम लाजल्या.

त्यानंतर जिन्यात पावलं वाजली. घाटंजी मशीनवर शिकून ग्रामपंचायतीत लागलेली एक मुलगी मोटरसायकलवर नवऱ्यासोबत पेढ्यांचा डबा घेऊन आली होती. दारात चपला काढून ती मॅडमच्या पाया पडली. मॅडमनी तिला उठवलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "तुहा फोन दे." पेढ्यांचा डबा दिवसभर टेबलावर तसाच होता.

मॅडमनी मला सोबत घेतलं आणि पुढचे कित्येक दिवस त्या गावोगाव फिरल्या. प्रत्येकाचा फोन हातात घ्यायचा, तो पाव्हणा शोधून हाकलायचा, बँकेत पाठवायचं, तक्रार करायला लावायची. बऱ्याच जणांचं काही गेलं नव्हतं. काहींचं गेलं. एका अंगणवाडीच्या ताईंनी मुलीच्या नर्सिंगसाठी बाजूला ठेवलेलं सगळं गेलं. त्या बाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. त्यांनी आम्हाला चहा दिला. निघताना एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुमचं नाव होतं, म्हनून उघडलं."

परतताना बसमध्ये मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मी म्हटलं, "तुमचा धडा काही खोटा ठरला नाही. गाव तुमी पाह्यलंच होतं. मंजुळेचाच नंबर होता."

"आडनाव बी पाह्यलं होतं भाऊ," त्या म्हणाल्या. "टिंबाच्या मांगं प्रोग्रामचं आडनाव होतं. मले दिसलं. फोननं बी विचारलं, अनोळखी हाय, येऊ देऊ काय? मी हो म्हनलं."

"काहून?"

"मनात म्हनलं, पोरीचं लग्न होऊन राह्यलं. आडनाव तं बदलनारच."

आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही, अजूनही येत नाही. पत्रिका उघडली त्या क्षणी त्यांच्यातली मास्तरीण बाजूला झाली होती आणि मुलीच्या लग्नाची वाट पाहणारी आई पुढे आली होती. आमच्याकडे परक्याला आडनाव विचारतात. लेक दारात आली तर तिला कोण विचारतं?

गाव वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं, मॅडमनी आवाज चढवला असता. गाव गमतीत वागलं. बाजारात बायका 'मॅडम, नवरदेव कवा आणता?' म्हणून विचारत. ज्यांची मशीनं त्यांनी वर्षानुवर्षं धुऊन दिली ती माणसं म्हणू लागली, की मॅडमच फसतात तर आपण कोण, जे होईल ते होईल. मग एके दिवशी 'पाव्हणा' शिकवताना मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे उघडू काय? तुमच्याकडून तं नाही आलं न?" वर्ग हसला, मॅडमही हसल्या. खाली मला नुसतं हसणंच ऐकू आलं. त्यानंतर तो धडा जिन्यातून खाली आला नाही. टायपिंग आलं, तक्ते आले, तीन प्रश्न काही आले नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. व्हायरसनं लोकांचं जे नेलं त्यातलं थोडंफार बँकेनं परत आणून दिलं. मॅडमच्या शब्दाचं वजन कोणी परत आणून दिलं नाही, आणि तेवढं एकच त्यांच्यापाशी होतं.

पुढच्या लग्नसराईच्या आत त्यांनी क्लास बंद केला. मशीनं एका आश्रमशाळेला दिली. वणीचं लुगड्याचं झाकण मला दिलं, ते माझ्या मशीनवर आहे. स्वतः राजूरला भावाकडे राहायला गेल्या. भाऊ कोळशाच्या खाणीत कामाला होता. मी हल्ली मोबाइलवर कोणाचीही पत्रिका आली की उघडत नाही, आधी त्या माणसाला फोन लावतो, आवाज ऐकतो, मगच उघडतो. लोक म्हणतात, काय हो, एवढा अविश्वास? मी म्हणतो, विचारल्यानं पाव्हण्याचा अपमान होत नाही. कोणाचं वाक्य आहे ते आता थोड्यांनाच आठवतं.

मंजुळेचं लग्न अखेर जुळलं. पत्रिका मीच छापली, जाड हस्तिदंती कागदावर, त्याच वेलबुट्टीच्या अक्षरांत. मंजुळा म्हणाली, "भाऊ, राजूरले मी सोता जातो. तुमी या संग." त्या प्रकारानंतर ती मॅडमना दोनदा भेटायला गेली होती, पण मॅडम तिला काहीच बोलल्या नव्हत्या, आणि न बोलणंच तिला फार लागलं होतं.

घरासमोर कोळशाच्या धुळीनं काळी झालेली कडुलिंबाची पानं पडली होती. फाटकाशी कुत्रं भुंकत आलं. मॅडम बाहेर आल्या, कुत्र्याला गप्प केलं, बांधलं मात्र नाही. वाळल्या होत्या. आवाज खाली आला होता, त्या बाईच्या आवाजानं माझा ऑपरेटर सेव्ह करायचा हे आता कोणाला सांगून पटलं नसतं.

मंजुळा पाया पडली आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. मॅडमनी ते मांडीवर ठेवलं.

"कोन गावचा हाय पोरगा?"

"मारेगावचा."

"आडनाव?"

"कुमरे."

मॅडमनी मांडीवरचं पाकीट सरळ केलं. "मांगते काय?"

मंजुळेच्या डोळ्यांत पाणी आलं. "काहीच नाही मांगत, मॅडम."

"मंग येऊ दे घरात," त्या म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, जुन्या मॅडम परत आल्या. मंजुळेलाही तसंच वाटलं असावं. ती डोळे पुसून म्हणाली, "माझ्या लग्नाला नक्की या."

ती अगदी सहज म्हणाली. फोनवर आलेलं वाक्य शब्दाला शब्द तेच आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. मॅडमच्या आलं. त्यांचा हात तिच्या डोक्यावरून हळूच निघाला.

"पाहू," त्या म्हणाल्या. "तिथं सारे अस्तीन."

चहा झाला. निघताना त्या आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. ऑटो सुरू झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. मॅडम फाटकाला धरून उभ्या होत्या, कुत्रं पायाशी, दुसऱ्या हातात पाकीट. तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर आली होती. ऑटो वळणावर जाईपर्यंत मी पाहत राहिलो, त्यांनी ते उघडलं नाही.